किनाऱ्यावरची निवड

इंदिरानगरातील एखादे निवृत्त मराठी दांपत्य आयुष्यभराच्या बचतीतून नॉर्वेच्या फियॉर्डांची जलसफर ठरविते, तेव्हा खरी परीक्षा तिकिटानंतर सुरू होते. बंदरागणिक सहलींची यादी लांबलचक आणि प्रत्येकीचे पैसे निराळे. ‘इतक्या दूर आलो, तर सारेच पाहू’ हा मोह स्वाभाविक. पण तो खिसा आणि गुडघे दोन्ही थकवितो.

जे जहाजाच्या डेकवरून दिसते, त्यासाठी पुन्हा पैसे मोजू नयेत. २००५ साली जागतिक वारसा ठरलेला गायरांगर फियॉर्ड जहाजावरूनच डोळे भरून पाहता येतो. याउलट फ्लॉमची रेल्वे अवघ्या २० किलोमीटरांत समुद्रकाठावरून ८६६ मीटर उंचीवर नेते. ते दृश्य डेकवर बसून लाभत नाही. स्थानक धक्क्यालगतच असल्याने हे तिकीट स्वतः आगाऊ काढावे. दूरच्या बसप्रवासासाठी मात्र जहाजाचीच सहल घ्यावी. परतीस विलंब झाल्यास जहाज त्या सहलीसाठी थांबते, स्वतंत्र गेलेल्यांसाठी नव्हे.

बचत करताना अंगी बाणलेला विवेक खर्च करतानाही सोबत असावा. दोन सहली नाकारून एक मनापासून केली, तर काहीच हुकत नाही.