शून्य ते शंभर, आणि पुढे एसटी

नवी एसयूव्ही घेऊन पेढे वाटणाऱ्या माणसाला आमच्या हिंजवडीत हल्ली मायलेज कुणी विचारत नाही. पहिला प्रश्न असतो, ‘शून्य ते शंभर किती सेकंदांत?’ उत्तरंही तशीच दणदणीत येतात. चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या एक्सईव्ही ९ई ला कंपनी ६.८ सेकंद सांगते, तर टाटांच्या हॅरियर ईव्हीला ६.३. काही वर्षांपूर्वी असले आकडे फक्त महागड्या परदेशी गाड्यांच्या तोंडी शोभायचे.

हे आकडे खोटे आहेत असं मी म्हणत नाही. घरची गाडी निवडायला ते निरुपयोगी आहेत आणि मुळशीच्या रस्त्यावर फसवे आहेत, असं म्हणतो.

हा आकडा कसा मिळतो? सरळ, सपाट, कोरडा, मोकळा रस्ता आणि गाडीत एखाद-दुसरा माणूस. आता आपला वापर बघा. सोमवार ते शुक्रवार हिंजवडीची रांग, वेग दहाच्या आसपास. रविवारी चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट, पौड आणि पुढे ताम्हिणी. गाडीत आई-बाबा, दादा-वहिनी, त्यांची पोरं, पिशव्या आणि एसी चालू. आमच्या धंद्यात एकाच युजरवर सर्व्हर तपासून ‘सुसाट चालतोय’ म्हणणाऱ्याला हाकलून देतील. लोड टेस्ट कुठंय, हा पहिला प्रश्न येईल. चाळीस-चाळीस हजारांच्या सर्व्हरला विचारतो ते वीस-पंचवीस लाखांच्या गाडीला का विचारत नाही?

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘अरे, ताकद ओव्हरटेकला लागते. ताकद म्हणजेच सेफ्टी.’ ठीक आहे, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं गणित करू.

दुपदरी रस्ता. पुढे एसटी, वेग ताशी ४० किलोमीटर. तिची लांबी, आपली लांबी आणि मागचं-पुढचं अंतर धरून आपल्याला तिच्यापेक्षा ३६ मीटर जास्त जायचंय. साधी गाडी दर सेकंदाला १.५ मीटर प्रति सेकंद वेग वाढवते, तगडी गाडी २.५. साधीला साधारण ६.९ सेकंद आणि ११३ मीटर रस्ता लागतो. तगडीला ५.४ सेकंद आणि ९६ मीटर. म्हणजे दीड सेकंद आणि १७ मीटर वाचले. समोरून ट्रक येत असेल तर ही बचत खरी आहे, ती मी नाकारत नाही.

पण एसटी मागे पडली त्या क्षणी साधी गाडी ७७ वर आहे आणि तगडी ८८ वर. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे तगडीला सुमारे ३० टक्के जास्त ऊर्जा ब्रेकमध्ये जिरवायची आहे. पुढे वळण आलं आणि पुन्हा ४० वर यायचं असलं, तर कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारून तिला सुमारे १२ मीटर जास्त लागतात. ताम्हिणीतल्या जुलैच्या ओल्या रस्त्यावर, जिथे त्याच्या दोन-तृतीयांशच पकड धरू, तिथे १७ मीटर जास्त. वाचवलेले सगळे मीटर परत गेले. वर धुकं, वळणाआड रस्त्यातच गाडी लावून धबधब्यापाशी सेल्फी काढणारी मंडळी, आणि आपल्याच गाडीत मागच्या रांगेत पोटात ढवळणारी आजी.

शिवाय ओव्हरटेक शून्यापासून कोण करतं? लागतो तो चाळीस ते ऐंशीचा जोर, तोही सगळी माणसं बसवून, चढावर. डिझेल असेल तर टर्बो जागा व्हायला किती वेळ घेतो? ऑटोमॅटिक असेल तर गिअर खाली टाकताना अडखळतं का? रांगेत सरपटताना धक्के बसतात का? माणगावच्या बाजूला उतरताना गाडी इंजिनावर किती धरून राहते? इलेक्ट्रिक गाडीत पाय उचलला की मोटर ब्रेकचं काम करते हे खरं, पण बॅटरी भरलेली असेल तर ती मदत कमी होते. हे गिऱ्हाइकाला शोरूममध्ये कुणी आपणहून सांगतं का?

कंपन्या तेच छापतात जे आपण विचारतो. आपण कॉलेजच्या कट्ट्यावरचा प्रश्न विचारतो, म्हणून कट्ट्यावरचं उत्तर मिळतं. पूर्ण भारासह चाळीस ते ऐंशी आणि पूर्ण भारासह ओल्या रस्त्यावर ऐंशी ते शून्य, हे दोन आकडे माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर आले पाहिजेत. समोरून दुधाचे कॅन लावून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याचा जीव यातल्या दुसऱ्या आकड्यावर अवलंबून आहे.

तोवर एक करा. टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका. सगळं घर गाडीत बसवा आणि पिरंगुटचा घाट चढून उतरा. सेल्समन कुरकुरेल. कुरकुरू दे.