दगडाची नळी आणि आपला पावागड

वाघोडियातील आमच्या घराच्या गच्चीवरून, आकाश निरभ्र असले म्हणजे, ईशान्येला पावागड दिसतो. कालिकामातेचे स्थान म्हणून त्याच्याकडे पाहून हात जोडावेत, ही घरची रीत. परंतु हा डोंगर घडला कसा, हा प्रश्न साठ वर्षांत मला कधी पडला नाही. तो पडला सातासमुद्रांपलीकडे, एका विवरात.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही उभयता अमेरिकेत चिरंजीवांकडे गेलो होतो. एका रविवारी सर्व कुटुंब सेंट हेलेन्स पर्वताकडे सहलीस निघाले. १८ मे १९८० रोजी ज्याचा भीषण स्फोट झाला, तोच हा ज्वालामुखी. त्याच्या दक्षिण उतारावर 'एप केव्ह' नावाची गुहा आहे. नावावरून आमच्या नऊ वर्षांच्या नातीने वानरांची अपेक्षा केली होती. पण १९५० नंतर ती धुंडाळणाऱ्या तरुणांच्या पथकानेच ते नाव धारण केले होते!

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तप्त लाव्हारस या उतारावरून वाहिला. दुधावर साय धरावी तसा त्याचा पृष्ठभाग थिजला; आतला प्रवाह मात्र वाहतच राहिला. पुढे उगमाकडून पुरवठा थांबला, उरलेला रस वाहून गेला आणि जवळजवळ चार किलोमीटर लांबीची पोकळ नळी मागे उरली. अजिंठा-वेरूळची लेणी मानवाने छिन्नीने कोरली. येथे अग्नीच कारागीर. ओसरत्या रसाच्या रेघा भिंतींवर अजून दिसतात.

आत बारमाही पाच-सहा अंशांची थंडी. उतरणीची वाट वाळूची व सोपी. चढणीची वाट ढासळलेल्या खडकांची. सौ. म्हणाली, "अहो, आपण सोप्या वाटेने जाऊ." मी ऐकले नाही. थोड्याच वेळात पाय घसरला, हातातील विजेरी खडकांत पडली आणि विझली. इतर मंडळी वळणापलीकडे गेली होती. स्वतःचा हातही दिसेना. मी हाक मारली; तिचा प्रतिध्वनी ऐकून छातीत धस्स झाले. इतक्यात एक लहानसा उजेड परत आला. "आजोबा, माझा हात धरा," नात म्हणाली.

चिरंजीवांनी प्रत्येकापाशी दोन दिवे ठेवण्यास बजावले होते. माझा दुसरा मी गाडीतच ठेवला होता. आम्ही निमूटपणे मागे फिरलो.

वाटेत तिने विचारले, "आजोबा, तुमचा पावागडसुद्धा लाव्हाचाच ना? मग तिथे अशी गुहा आहे?" मला उत्तर देता येईना.

घरी परतल्यावर पुस्तके उघडली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे जे थर पसरले, त्यांतीलच पावागड. त्याचा बराचसा भाग काळ्या बेसाल्टचा. माथ्यावर रायोलाइट नावाचा फिकट खडक. पश्चिम महाराष्ट्रातही लाव्ह्याच्या नळ्यांच्या व पाटांच्या खुणा भूशास्त्रज्ञांनी नोंदल्या आहेत. म्हणजे आपल्या पूर्वजांनी सोडलेला सह्याद्री आणि आपण जवळ केलेला पावागड एकाच अग्नीची लेकरे!

येत्या हिवाळ्यात नात वाघोडियास येणार आहे. तिला पावागडावर नेईन. देवीस नमस्कार आधी, दगडाची ओळख मागाहून. दोन दिवे मात्र या खेपेस माझ्याच खिशात असतील.