सुएझ, आडवा

सुएझ कालव्याविषयी आजवर जे लिहिले गेले, त्यातले बहुतेक बोटीच्या कठड्याला रेलून लिहिले गेले. मराठीपुरते पाहिले तर हे साहजिकच होते. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी कालवा खुला झाला आणि विलायतेच्या वाटेवरचा आफ्रिकेचा वळसा, किंवा तो टाळण्यासाठी इजिप्तमध्ये करावी लागणारी खुष्कीची मजल, दोन्ही संपले. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या त्या याच मार्गाने आणि पुढच्या दोन-तीन पिढ्यांतले बॅरिस्टर, डॉक्टर, संस्थानिकही याच मार्गाने. या सर्वांना कालवा दिसला तो लांबीने. दोन्ही अंगांना वाळू, मधून संथ सरकणारे जहाज, पोर्ट सैदचे फेरीवाले. काठावरचा माणूस या चित्रात असतो तो काहीतरी विकण्यासाठी किंवा हात हलवण्यासाठी. त्यालाही कुठे जायचे असेल, आणि नेमके या पाण्याच्या पलीकडेच जायचे असेल, हे डेकवरून सुचत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे की हा कालवा एकदा आडवा ओलांडून पाहावा. आम्ही तो ओलांडला तो कैरोहून सिनाईतल्या सेंट कॅथरिनच्या मठाकडे जाताना, भाड्याच्या मोटारीने, अहमद हमदी बोगद्यातून. तेव्हा त्याच्या जोडीचा दुसरा बोगदा व्हायचा होता. सुएझ शहराच्या उत्तरेला हा रस्ता कालव्याजवळ येतो. पाणी दिसतच नाही. दिसते ते सपाट वाळवंट आणि त्या वाळवंटातून निघालेले एक अजस्र मालवाहू जहाज, जणू ते वाळूवरूनच चालले आहे. मग मोटारींची रांग, कागदपत्रे, उघडलेली डिकी, पुन्हा कागदपत्रे. आणि त्यानंतर प्रत्यक्ष बोगदा: उतार, दिव्यांची ओळ, समोरून येणारे ट्रक, चढ. लांबी सुमारे १.६ किलोमीटर, दोन-तीन मिनिटांत आपण आफ्रिकेतून आशियात आलेलो असतो. खंड बदलल्याची एखादी पाटी तरी असेल म्हणून आम्ही डोळे ताणून बसलो होतो. आमच्या नजरेस ती पडली नाही. डोक्यावरून जगाचा व्यापार चालला आहे याचा कसलाही आवाज खाली येत नाही.

हा अनुभव नीरस आहे, हे मान्यच केले पाहिजे. पण तो नीरस आहे म्हणूनच आम्हांस महत्त्वाचा वाटतो. जहाजाला हा १९३ किलोमीटरचा कालवा पार करायला बारा ते सोळा तास लागतात आणि त्या तासांवर ग्रंथ लिहिले गेले. आडव्या दोन मिनिटांवर कोण लिहिणार? वास्तविक इजिप्तच्या दृष्टीने कालवा हा आधी स्वतःच्या भूमीला पडलेला छेद आहे, आणि नंतर जगाचा मार्ग. तो खणताना आरंभीच्या वर्षांत वेठीच्या शेतकऱ्यांच्या तुकड्या दरमहा आणल्या जात. ही वेठ थांबवायची आणि कंपनीला दिलेली जमीन परत घ्यायची म्हटल्यावर नापोलियन तिसरा याच्या १८६४ च्या निवाड्याने भरपाई ठरली ८ कोटी ४० लाख फ्रँक, आणि ती इजिप्तने कंपनीला द्यायची! १८७५ साली खेदिव इस्माइलने कर्जापायी आपले भाग सुमारे ४० लाख पौंडांना ब्रिटनला विकले. १८८२ साली ब्रिटिश फौज आली. १९५६ च्या जुलैत नासेरने राष्ट्रीयीकरण करीपर्यंत लांबीने जाणाऱ्यांची सोय हाच या पाण्याचा कायदा होता.

बोगद्याला ज्यांचे नाव आहे ते अहमद हमदी हे इजिप्तच्या सैन्यातले अभियंता अधिकारी. ऑक्टोबर १९७३ च्या युद्धात कालव्यावर लष्करी पूल उभारण्याच्या कामात असताना ते मारले गेले. १९६७ पासून सिनाई इस्रायलच्या ताब्यात होता आणि कालवा १९७५ पर्यंत बंद. १९८० च्या दशकाच्या आरंभी सिनाई टप्प्याटप्प्याने परत मिळत असताना हा बोगदा वाहतुकीस खुला झाला. कालवा ओलांडण्याच्या खटपटीत मेलेल्या माणसाचे नाव कालवा ओलांडण्याच्या वाटेला देणे, यात आम्हांस एक रोखठोक औचित्य दिसते. पोर्ट सैदला द लेसेप्सचा पुतळा होता तो १९५६ च्या डिसेंबरात लोकांनी उडवला. समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या त्या ब्राँझच्या माणसापेक्षा हे जमिनीखालचे नाव आम्हांस अधिक टिकाऊ वाटते. (बोगदा स्वतः मात्र तितका टिकाऊ निघाला नाही. खाऱ्या पाण्याने काँक्रीट खाल्ले, गळती लागली आणि १९९० च्या दशकात जपानच्या साहाय्याने त्याला आतून नवे अस्तर चढवावे लागले.)

इथे थांबलो असतो तर हा गौरवलेख झाला असता. पण जो रस्ता दोन काठ जोडतो त्याला दोन तोंडे असतात, आणि तोंडावर पहारा बसवता येतो. पूर्वी काठ लांबलचक होता, आता तो दोन फाटकांएवढा झाला. उत्तर सिनाईत ९ फेब्रुवारी २०१८ रोजी मोठी लष्करी मोहीम सुरू झाल्यावर तिथल्या नागरिकांच्या ये-जा करण्यावर कडक निर्बंध आले. अल-अरीशच्या माणसाला कैरोतले इस्पितळ गाठायचे तर मधले अंतर किलोमीटरांत सांगून उपयोग नव्हता. आम्ही परदेशी पारपत्रावर अर्ध्या तासात सुटलो. शेजारच्या रांगेतल्या एका ट्रकचे ताडपत्र सोडून सगळा माल उतरवणे चालले होते, आणि ट्रकवाला सावलीत उकिडवा बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर रागही नव्हता. ही सरकारी भीती अकारण आहे असे आम्ही म्हणत नाही. सिनाईत घातपात झाले आहेत आणि त्यांत पुष्कळ माणसे मेली आहेत. मात्र ज्या भूमीसाठी युद्ध केले, तिथल्याच रहिवाशाला तिच्या दारात ताटकळावे लागते हेही तितकेच खरे.

२०१९ मध्ये इस्माइलिया आणि पोर्ट सैद येथे नवे बोगदे झाले, २०२१ मध्ये अहमद हमदीच्या शेजारी दुसरा. त्याच २०२१ च्या मार्चमध्ये, या बोगद्यापासून थोडे दक्षिणेला, एव्हर गिव्हन हे ४०० मीटर लांबीचे जहाज सहा दिवस आडवे रुतून बसले. त्यावरचे पंचवीसही खलाशी भारतीय होते आणि नुकसानभरपाईचा वाद मिटून जहाज सुटेपर्यंत जुलै उजाडला. अडकलेली जहाजे किती, रोजचे नुकसान किती, हे तेव्हा जगभर तासातासाला मोजले जात होते. कालवा प्राधिकरण जहाजांची संख्या आणि टनभार आजही मोजून प्रसिद्ध करते. बोगद्याच्या तोंडाशी, सिनाईच्या बाजूला, माणसे एकूण किती तास उभी राहतात याचाही एखादा तक्ता आम्हांस वाचायला आवडेल.