भाऊबंदकी आणि भाईबंधी

जरा मोठं लिहितेय, चहा घेऊन बसा. आणि कोणाला लागलं तर लागू दे, कारण त्यातलं निम्मं मलाच लागणार आहे.

येत्या रविवारी आपल्या शब्दांच्या बैठकीत एक ठराव येतोय. ज्यांना बैठक माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी पाचला आम्ही जमतो. प्रत्येकाने एक शब्द आणायचा, तो कुठे ऐकला ते सांगायचं, त्यावर बाकीच्यांनी भांडायचं, मग चहा. आमच्या वडिलांच्या पिढीने सुरू केलेलं हे प्रकरण. तेव्हा जिन्यावर बसून ऐकणारे असायचे म्हणे. आता आम्ही अकरा जण, त्यातल्या दोघांना जिना चढवत नाही.

ठराव असा आहे: नवीन येणाऱ्याला दोन जुन्या सभासदांची ओळख लागेल. पहिल्या तीन बैठकी त्याने फक्त ऐकायचं. आणि बैठकीत प्रमाण मराठीच बोलायची.

माझा या ठरावाला विरोध आहे. तिन्ही कलमांना. आणि ठराव का आला हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण तो ज्या दिवसापासून शिजायला लागला त्या दिवशी पहिली हसले ती मी.

श्रावणातली गोष्ट. वाचनालयाच्या फळ्यावरची आमची चिठ्ठी वाचून एक मुलगी आली. पंचवीसेक वर्षांची, मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात क्वालिटीत नोकरी, गाव धुळ्याकडचं. एकटी आली, पाऊस होता, ओढणी पिळून दारात उभी राहिली. आम्ही म्हटलं, ये, ओळख करून दे. ती म्हणाली, "मनं नाव..." आणि शेवटी "शे". पुढे लगेच सावरून आपल्यासारखं बोलायला लागली, पण तोवर इकडे खसखस पिकली होती. मी म्हटलं, "अगं, माझं नाव अमुक आहे, असं म्हण." प्रेमानेच म्हटलं. निदान तेव्हा मला ते प्रेम वाटलं.

मग सुरू झाली आपली नेहमीची फेरी. आडनाव काय? त्या आडनावाचे तुम्ही कोणते? मूळ कुठले? इथे कोणाकडे उतरलीस? वडील काय करतात? कोणाच्या ओळखीने आलीस? दहा मिनिटं तिला कोणी शब्द विचारला नाही. शब्दांच्या बैठकीत! शेवटी तिनेच आपणहून सांगितलं, "मी 'आंडोर' आणलाय. आमच्याकडे मुलाला आंडोर म्हणतात, मुलीला आंडेर." आमच्यातले सगळ्यात जुने काका चष्मा पुसत म्हणाले, "हा मराठी शब्द नव्हे." झालं. वहीत तिचं नाव आणि फोन नंबर आहे, शब्दाचा रकाना रिकामा आहे.

जिना उतरताना ती मला म्हणाली, "काकू, मी ते 'शे' मुद्दाम म्हटलं होतं. बडोद्याला आले तेव्हा सगळीकडे 'छे, छे' ऐकलं आणि वाटलं, हे तर आमचंच आहे. तेच सांगणार होते." मंडळी, वर्षभरात आमच्या बैठकीत कोणी याहून चांगलं निरीक्षण आणलं असेल तर मला दाखवा. भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी, शेजारच्या बेनशी दिवसातून शंभर वेळा आपण 'छे' म्हणतो. तीन पिढ्या म्हणतोय. ते शेजारच्या बोलीत 'शे' होऊन उभं आहे, हे आपल्यातल्या एकालाही दिसलं नाही. जिला दिसलं तिच्या वाक्याच्या पहिल्याच शब्दांना आपण हसलो. ती परत आली नाही. भाद्रपदात नाही, नवरात्रात नाही. आणि दिवाळीनंतर हा ठराव.

गंमत बघा. फेब्रुवारीच्या सत्तावीस तारखेला याच माडीवर बहिणाबाईंच्या कविता म्हणताना आपले डोळे भरून येतात. त्या कविता तरी कुठल्या प्रमाण मराठीतल्या आहेत? खानदेशातल्याच लेवा बोलीतल्या. छापलेली खानदेशी आपल्याला चालते. ओली ओढणी पिळत दारात उभी राहिलेली चालत नाही.

आता आपल्या बाजूचं सांगते. "मूळ कुठले?" हा प्रश्न मी आयुष्यभर खाल्लाय. पुण्यात कुठल्याही लग्नाला जा, "बडोद्याचे? म्हणजे मूळ कुठले?" जणू बडोद्यात कोणी मूळ असूच शकत नाही. लग्नानंतर दोन वर्षं आम्ही पुण्यात होतो. शेजारणीला मी एकदा म्हटलं, "मला इथे अजून फावलं नाही हो." तिला वाटलं, मी काहीतरी डाव साधायला आले होते आणि तो साधला नाही! कारण तिकडे 'त्याचं फावलं' म्हणजे संधी साधली, नाहीतर फार तर 'फावला वेळ'. आपल्याकडे गुजरातीतून आलेलं फावणं वेगळं. नव्या सुनेला सासू विचारते, "फावलं का गं?" म्हणजे रुळलीस का, जमतंय का, करमतंय का, सगळं त्या एका शब्दात. त्या शेजारणीने माझा शब्द सुधारला तेव्हा मी घरी येऊन रडले होते. चाळीस वर्षांनी मीच माडीवर बसून दुसऱ्याच्या मुलीचं वाक्य सुधारते. आणि 'फावलं का?' हे तिला आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही.

आणि आपण कुठले मूळचे लागून गेलो? गायकवाडांच्या मागोमाग कोणी फौजेत आलं, कोणी कारकुनीला, कोणी पौरोहित्याला, कोणी शाळामास्तर म्हणून. फार लांब कशाला, आपल्या बैठकीच्या खोलीत ज्यांची तसबीर आहे ते सयाजीराव महाराज. 1875 साली मालेगावजवळच्या कवळाण्याहून बारा वर्षांचा गोपाळ इथे आणला गेला तेव्हा त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. तो पट्टा अहिराणीचा. "कशाला आलास?" असं विचारल्यावर त्या मुलाने "राज्य करायला" असं उत्तर दिल्याची गोष्ट बडोद्याच्या घराघरात सांगतात. ते उत्तर नेमक्या कुठल्या मराठीत दिलं असेल, याचा विचार आपण कधी केलाय? आपला ठराव तेव्हा लागू असता तर त्याला पहिल्या तीन बैठकी गप्प बसावं लागलं असतं.

त्याच महाराजांच्या कारकिर्दीत, 1931 साली 'श्री सयाजी शासन शब्द कल्पतरू' निघाला. राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश, आणि त्यात आठ भाषांतले प्रतिशब्द शेजारी शेजारी: गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, उर्दू, फारसी, बंगाली, इंग्रजी. एकाही शब्दाला कोणी विचारलं नाही, कोणाच्या ओळखीने आलास. माधव जूलियनही आपल्या बडोद्यातच जन्मलेले. त्यांनी 1925 साली फार्शी-मराठी कोश केला. पुढे ते भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले हे मला माहीत आहे, काका रविवारी ते काढणारच, म्हणून आधीच सांगून ठेवते. पण ज्या फारसीला पुढे दार दाखवायचं ठरवलं तिचा आधी अख्खा कोश त्या माणसाने केला होता! आपण 'आंडोर'साठी पाच मिनिटं दिली नाहीत.

ठराव मांडणाऱ्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही, तेही लिहिते. मागे एक गृहस्थ आले, दोन बैठकी छान बोलले, तिसऱ्या बैठकीत विम्याचे फॉर्म काढले. एकांनी स्वतःच्या कविता चाळीस मिनिटं वाचल्या, वीज गेली तरी थांबले नाहीत. एकजण फक्त मुलासाठी स्थळ बघायला येत होते. (ते जमलं, पेढेही दिले.) हा त्रास खराच. पण आठवून बघा, विमेवाले गृहस्थ आले होते ते दोन जुन्या सभासदांच्या ओळखीनेच, आणि कविता वाचणारे तर स्वतःच जुने सभासद. ओळखीने काय गाळलं जातं? ज्याची गावात ओळख नाही तो. म्हणजे कारखान्यात नोकरीला आलेला, भाड्याच्या खोलीत राहणारा. नेमका ज्याला मैत्री हवी असते तो.

आणि शुद्ध मराठीची काळजी! नातवंडं इंग्रजी शाळेत, घरात गुजराती-हिंदी-मराठीची खिचडी, तेव्हा निदान माडीवर तरी चोख मराठी राहू दे, असं काका म्हणतात तेव्हा त्यांचा आवाज कापतो. मी ते हसण्यावारी नेत नाही. 2018 साली इथे 91 वं साहित्य संमेलन झालं तेव्हा मांडवात पाणी वाटताना मलाही तीच धाकधूक होती: यातलं पुढे काय उरणार? पण काका, तुमची नात येत नाही आणि धुळ्याची मुलगी आपणहून येते. आलेल्या मुलीला परत पाठवून नातीसाठी मराठी कशी काय उरणार?

इथे मैत्र्या कशा झाल्या ते आठवा. आमची आई नव्याने इथे आली तेव्हा शेजारच्या बेननी विचारलं, "तमे नवरा छो?" आई घाबरून आत पळाली, नवरा तर ऑफिसात! गुजरातीत नवरा म्हणजे रिकामा, मोकळा. बेन फक्त विचारत होत्या, वेळ आहे का. ते कळल्यावर दोघी ओट्यावर बसून इतक्या हसल्या की पुढली पस्तीस वर्षं रोज दुपारी 'नवऱ्या' असायच्या. आडनाव एकमेकींना बऱ्याच नंतर कळलं. आणि आमचे बाबा म्हणायचे, मराठीत भाऊबंद म्हटलं की वाटणी, कोर्ट, भाऊबंदकी. त्याच शब्दाचा गुजराती भाईबंध झाला की तो मित्र होतो, आणि भाईबंधी म्हणजे दोस्ती. बाबांच्या मते आपल्या माणसांनी नर्मदा ओलांडली ती बहुतेक त्यासाठीच. रविवारचा ठराव मंजूर झाला तर आपण परत अलीकडे आलो असं समजा.

म्हणून माझी उपसूचना. नवीन माणसाला आधी शब्द विचारायचा. नाव त्याने सांगितलं तर सांगितलं. आडनाव आणि मूळ गाव चहाच्या आधी कोणी विचारायचं नाही, मीसुद्धा नाही. पहिल्या दिवशी कोणाचं वाक्य सुधारायचं नाही. आणि वहीतला तो रिकामा रकाना भरायचा: आंडोर, आंडेर, शे.

परवा धीर करून त्या मुलीला फोन केला. मला वाटलं होतं फोन ठेवेल. तिने काकू म्हणून आवाज ओळखला. रागाचं काही बोलली नाही, मीच काहीबाही बडबडले. येशील का म्हटलं, तर म्हणाली, "रविवारी माझी सेकंड शिफ्ट असते, पाचला कसं जमणार? श्रावणात रजा टाकून आले होते."

रजा टाकून. हे आम्हाला माहीतच नव्हतं, कारण ते कोणी विचारलं नव्हतं.

तेव्हा दुसरी उपसूचना: बैठक सकाळी दहाला. ज्यांची पूजा असते त्यांनी जरा लवकर उठावं. अनुमोदक हवाय, या पोस्टखाली नाव लिहा. येत्या रविवारी मात्र पाचलाच आहे, जिन्यातला दिवा गेलाय, बॅटरी आणा. शेव-उसळ माझ्याकडून.