झाडाच्या चिकाची गादी

अब्बांच्या पलंगावरची फोमची गादी मधोमध खचली, तेव्हा ती बदलायचे घरात ठरले. नवी आणणे सोपे, पण जुनीचे काय करायचे? भंगारवाल्याने हात लावला नाही. घंटागाडीवाल्याने नुसती मान हलवली. पंधरा दिवस झाले, ती मागच्या पडवीत भिंतीला टेकून उभी आहे.

आमच्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. गादी दडपली की पिंजारीचाचांना निरोप जायचा. अंगणात पिंजणाच्या तारेचा आवाज सुरू झाला की आम्ही मुले भोवती जमायचो. तोच कापूस पुन्हा फुलायचा आणि नव्या खोळीत जायचा. फोम असा पिंजता येत नाही. बाजारातला बहुतेक फोम पॉलियुरेथेनचा, म्हणजे खनिज तेलापासून केलेला असतो. तो मातीत वर्षानुवर्षे तसाच पडून राहतो.

दुकानदाराने दुसरी गादी दाखवली. "सर, ही नॅचरल लेटेक्सची. झाडापासून बनते, एकदम इको-फ्रेंडली." किंमत ऐकून अम्मींनी आमच्याकडे पाहिले. 'विचार करून सांगतो' म्हणत आम्ही घरी आलो आणि शिक्षकी सवयीने वाचायला बसलो.

रबराच्या झाडाची साल तिरकी कापली की पांढरा चीक ठिबकतो. त्यात साधारण एक तृतीयांश रबर, बाकी बहुतेक पाणी. यंत्रात फिरवून चीक घट्ट केला की रबराचे प्रमाण 60 टक्क्यांवर जाते. मग त्यात साबण, गंधक, झिंक ऑक्साइड वगैरे घालून, केकसाठी अंडी फेटावीत तसा तो फेटतात. फुललेला फेस बसू नये म्हणून थिजवणारे रसायन घालतात, साच्यात ओततात आणि वाफेवर पक्का करतात. उष्णता आतपर्यंत पोचावी म्हणून साच्यात कांड्या असतात. लेटेक्सच्या गादीला दिसणारी भोके ही त्यांचीच खूण. ही रीत 1929 च्या सुमारास इंग्लंडमधल्या डनलॉप कंपनीत विकसित झाली.

म्हणजे दुकानदाराचे म्हणणे खोटे नव्हते, पण अर्धेच होते. पुष्कळ गाद्यांत कृत्रिम रबर मिसळलेले असते. गंधकाने पक्के झालेले रबरही मातीत सहजी कुजत नाही. शिवाय झाड कुठे लावले, हेही पाहावे लागते. दोडामार्ग-सावंतवाडीकडे रबराच्या बागांसाठी जंगल तुटल्याच्या तक्रारी आहेत. जंगल तोडून मिळालेल्या चिकाला पर्यावरणपूरक कसे म्हणावे?

यावर काम चालू आहे. मलेशियातल्या संशोधकांनी चिकात भाताच्या तुसाची आणि केनाफ नावाच्या झाडाची पूड मिसळून फोम केला. हे केनाफ म्हणजे आपली अंबाडी! जिची भाजी आपण भाकरीबरोबर खातो, तीच. असा फोम मातीत पुरला तर साध्या रबरी फोमपेक्षा लवकर झिजतो, असे त्यांना आढळले. मात्र पूड जास्त झाली की फोम कडक होतो, ताणला की लवकर तुटतो आणि दाबल्यावर पूर्वीसारखा वर येत नाही. मऊपणा आणि टिकाऊपणा राखून कुजणारा फोम करणे, ही खरी कसोटी आहे.

तोवर गादी घेताना दुकानदाराला तीन गोष्टी जरूर विचाराव्यात. नैसर्गिक रबर किती टक्के, आणि ते लेखी मिळेल का? आत सगळा थर रबराचाच आहे, की वर पातळ थर आणि खाली साधा फोम? जुनी गादी परत घेता का? घरात कुणाला रबरी हातमोज्यांनी किंवा फुग्यांनी खाज सुटत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

आम्ही तिसरा प्रश्न विचारला, तेव्हा दुकानदार हसला. अब्बा मात्र म्हणाले, "आपली कापसाची गादी माळ्यावर आहे ना? तीच काढा." पिंजारीचाचा आता नाहीत, त्यांचा मुलगा यंत्रावर कापूस पिंजतो. त्याने दोन दिवसांत गादी भरून दिली. पडवीतल्या फोमच्या न खचलेल्या कडा कापून आम्ही वर्गातल्या मुलांसाठी बसायची आसने शिवून घेतली. मधला खचलेला तुकडा अजून तिथेच आहे.