आम्हाला कसला उकाडा?

दर वर्षी ४ जुलैला सकाळी अटलांटात पीचट्री रोड रेस होते. १९७० साली ११० धावपटूंनिशी सुरू झालेल्या या दहा किलोमीटरच्या शर्यतीत आता हजारो माणसं धावतात. नाव नोंदवताना आपल्या घरांत एक वाक्य हमखास निघतं: "आम्ही मुंबईचे, आम्हाला कसला उकाडा?"

पण मंडळी, उकाड्याची सवय जन्मभर पुरत नाही. ती अंगी बाणायला दहा-चौदा दिवस लागतात आणि काही आठवडे एसीत काढले की ती जाते. आपल्याला तर मुंबई सोडून वर्षं लोटली!

शिवाय नुसता घाम येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. नागपूरच्या कोरड्या उन्हात माठातलं पाणी गारेगार होतं, मुंबईच्या दमट हवेत तेवढं होत नाही. जुलैतल्या अटलांटात आपल्या अंगाचा माठ मुंबईतलाच!

तेव्हा दोन आठवडे आधीपासून रोज थोडंथोडं बाहेर धावू या. शर्यतीत सुरुवात मुद्दाम सावकाश करू. अर्ध्या वाटेवर 'कार्डिॲक हिल' हा चढ लागतो, तिथे खुशाल चालू. पहिली शर्यत जिंकणाऱ्या जेफ गॅलोवे यांनीच पुढे थोडं धावा, थोडं चाला ही पद्धत असंख्य लोकांना शिकवली. सोबतचा कुणी असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर शर्यत सोडून त्याला सावलीत न्यावं, अंगावर थंड पाणी ओतावं, बर्फ लावावा आणि ९११ ला फोन करावा.

शर्यतीचा टी-शर्ट सावकाश पोचणाऱ्यालाही तोच मिळतो.