तिसऱ्या डोसची तारीख घरोघरी कोण सांगणार?



एक तारीख महत्त्वाची होती : ३० सप्टेंबर २०२२. स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवानिमित्त १५ जुलै २०२२ पासून १८ वर्षांवरच्या सगळ्यांना कोरोना लसीचा तिसरा डोस सरकारी केंद्रांवर मोफत मिळत होता. ही सोय ३० सप्टेंबरपर्यंतच होती.  ३१ ऑगस्टला गणपती बसणार होते, मग गौरी, कोकणात जाणं-येणं, त्यानंतर पितृपक्ष आणि २६ सप्टेंबरला घटस्थापना. म्हणजे दिवस भरपूर दिसत असले तरी निवांत असे थोडेच होते.

हा विषय शैक्षणिक लेखांत कशाला, असं कुणी विचारेल. माझं म्हणणं असं की हा विषय शाळेचाच आहे. आपल्या ठाणे, कल्याण, डोंबिवली भागात तिसरा डोस मागे पडला होता तो लोकांचा विरोध होता म्हणून नव्हे. विरोध करणारे होते, पण मोजके. बाकीच्यांना आपली तारीख कधी आली, पैसे लागतात का आणि कुठे जायचं, हे त्यांच्या भाषेत कुणी सांगितलेलंच नव्हतं.

देशभराचं चित्र वेगळं नव्हतं. १८ ते ५९ वयोगटातले साधारण ७७ कोटी लोक. जुलै २०२२ च्या मध्यापर्यंत त्यांतल्या एक टक्का लोकांनीही तिसरा डोस घेतलेला नव्हता. पहिल्या दोन डोससाठी पहाटेपासून रांगा लावणारी हीच माणसं. मग एकाएकी काय झालं?

आपल्याकडचं उत्तर रेल्वे स्टेशनवर सापडतं. १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांना लोकलचा पास मिळू लागला. आठवतं ना? स्टेशनवर पालिकेची मदत केंद्रं, प्रमाणपत्राची झेरॉक्स, आधार कार्ड, त्यावर शिक्का. डोंबिवलीच्या माणसाला लोकल बंद म्हणजे पगार बंद. त्यामुळे दुसरा डोस कधी घ्यायचा हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही, पासाच्या खिडकीनेच ते सांगितलं. तिसऱ्या डोसच्या मागे अशी कुठलीच खिडकी नव्हती. १ एप्रिल २०२२ पासून राज्यातले निर्बंध उठले, दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा झाला, मास्क हनुवटीवरून खिशात गेला, आणि १० एप्रिलला १८ वर्षांवरच्यांसाठी तिसरा डोस सुरू झाला. म्हणजे आजार संपला असं वाटायला लागलं आणि मागून लस आली. त्यातही ती फक्त खासगी रुग्णालयांत. लसीचे २२५ रुपये, टोचण्याचे जास्तीत जास्त १५०, वर कर. घरात चार मोठी माणसं असतील तर दीड हजाराच्या वर खर्च. रिक्षा चालवणाऱ्या बापाने ‘बघू नंतर’ म्हटलं तर त्यात त्याचं काय चुकलं?

पुढे नियम बदलले. दुसऱ्या डोसनंतर नऊ महिने थांबायचं होतं, ते ६ जुलैला सहा महिन्यांवर आलं. १५ जुलैपासून पैसेही लागेनासे झाले. पण ‘पैसे लागतात’ आणि ‘नऊ महिने’ ही पहिली माहिती लोकांच्या डोक्यात पक्की बसली होती. फळ्यावर कालचा पाठ तसाच ठेवून त्यावर आजचा लिहिला तर शेवटच्या बाकावरच्या मुलाला काय दिसेल? जुनं आधी पुसावं लागतं. म्हणजे ‘आता मोफत आहे’ एवढंच सांगून भागत नव्हतं. ‘एप्रिलमध्ये पैसे लागत होते, ते आता लागत नाहीत’ असं पूर्ण वाक्य बोलावं लागत होतं. पालकसभेत मी हे दोन्ही प्रकारे सांगून बघितलं. दुसऱ्या वाक्यानंतर माना वर झाल्या.

आता नावाचा घोळ. सरकारी कागदात ‘प्रिकॉशन डोस’, वर्तमानपत्रात कधी ‘वर्धक मात्रा’, कधी ‘दक्षता मात्रा’, टीव्हीवर ‘बूस्टर’. एका आजींनी मला विचारलं, “बाई, बूस्टर मी घेईन, पण ते प्रिकॉशन पण घ्यावं लागतं का?” दोन वेगळी इंजेक्शनं आहेत असं त्यांना वाटत होतं. हसण्यासारखं यात काही नाही. एका वस्तूला चार नावं दिली की असंच होणार. मराठी शब्द हवाच, मी मराठीचीच शिक्षिका आहे, पण ‘मात्रा’ म्हटलं की आमच्या चौथीच्या मुलांना काना-मात्रा आठवते आणि आजीला वैद्यांची मात्रा आठवते. बोलताना सरळ ‘तिसरा डोस’ म्हणावं. मोजता येतो, चुकत नाही.

आणि ‘बूस्टर’ शब्दाला घाबरायचंही कारण नाही, कारण तो आपल्या घरात आधीपासून आहे. बाळाचं लसीकरण कार्ड काढून बघा. त्रिगुणी लसीचा बूस्टर दीड वर्षाच्या सुमारास आणि दुसरा पाच-सहा वर्षांचं झाल्यावर, शाळेत जायच्या वयात. अंगणवाडीच्या ताई आठवण करतात, आई बाळाला घेऊन जाते, रात्री ताप येतो, दुसऱ्या दिवशी बाळ खेळायला लागतं. पहिले तीन डोस झालेत मग हा कशाला, असं कुठलीच आई विचारत नाही. शरीराने शिकलेलं काही महिन्यांनी फिकट होतं, म्हणून उजळणी. पाढे पाठ झाले तरी सुट्टीनंतर आपण पुन्हा म्हणून घेतोच की! पालकांना मी एवढंच सांगते, आणि ते त्यांना लगेच कळतं.

“पण बाई, दोन डोस घेऊनही जानेवारीत आम्हाला झालाच ना कोरोना?” हा प्रश्न हमखास यायचा आणि तो खरा होता. ओमायक्रॉनच्या लाटेत दोन डोसवाल्यांनाही संसर्ग झाला. अशा वेळी शिक्षकाने ‘लस घेतली की काही होत नाही’ असं ठोकून देऊ नये. ते खोटं ठरतं, आणि एक गोष्ट खोटी ठरली की पुढच्या दहा खऱ्या गोष्टींवरचा विश्वास जातो. लसीचा मुख्य फायदा आजार गंभीर होऊ न देण्यात आहे. रुग्णालयात दाखल व्हायची, ऑक्सिजन लागायची शक्यता कमी होते. तिसऱ्या डोसने ते संरक्षण पुन्हा वाढतं, विशेषतः साठीच्या पुढच्यांचं आणि मधुमेह, रक्तदाब असलेल्यांचं. संसर्ग तरीही होऊ शकतो. हे इतकं आणि इतकंच सांगावं. हृदयविकाराबद्दल, गोळ्या चालू असण्याबद्दल, आधीच्या डोसला अंगावर पित्त उठलं होतं त्याबद्दल कुणी विचारलं तर ‘डॉक्टरांना विचारा’ म्हणावं. आपण डीएड केलंय, एमबीबीएस नाही.

माहिती पसरत नाही असंही नाही हो. ४ डिसेंबर २०२१ ला राज्यातला पहिला ओमायक्रॉनचा रुग्ण आपल्या कल्याण-डोंबिवलीत सापडला. दक्षिण आफ्रिकेतून दुबई, दिल्लीमार्गे आलेला प्रवासी. त्या संध्याकाळी ‘कुठली सोसायटी’, ‘कुठली विंग’ हे प्रश्न प्रत्येक ग्रुपवर फिरत होते. भीतीची बातमी एका रात्रीत टिटवाळ्यापासून दिव्यापर्यंत जाते. कामाची बातमी मात्र जात नाही. ती कुणीतरी हातात द्यावी लागते.

सरकारी मेसेज यायचा ना, असं म्हणाल. यायचा, पण कुणाच्या मोबाइलवर? कोविनवर एकाच नंबरावरून चार-चार, पुढे सहा-सहा जणांची नोंदणी करता येत होती. सोय चांगली होती. पण आमच्या वर्गातल्या कितीतरी आयांची नोंदणी त्या ज्या घरी कामाला जातात तिथल्या मॅडमच्या, नाहीतर चाळीतल्या एखाद्या कॉलेजच्या मुलाच्या मोबाइलवरून झाली. नंतर तो मुलगा नोकरीला लागून पुण्याला गेला आणि मॅडमचं घर सुटलं. तिसऱ्या डोसचा मेसेज बरोबर तारखेला निघाला आणि भलत्याच माणसाकडे पोहोचला. तोही इंग्रजीत. जिचा डोस होता तिला तो कळणार तरी कसा?

तिच्यापर्यंत रोज न चुकता पोहोचणारं एक माणूस होतं. तिचं मूल. म्हणून मी शाळेचं नाव घेतलं.

इथे शिक्षक मित्र रागावतील याची मला कल्पना आहे. कोरोनात चेकपोस्टवर आपण, रेशन दुकानावर आपण, सप्टेंबर २०२० च्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत दारोदार थर्मामीटर घेऊन आपण. ऑगस्ट २०२२ मध्ये घरोघरी तिरंग्याचे फोटोही आपणच गोळा केले. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये शिक्षकाला जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणूक सोडून दुसरी कामं देऊ नयेत असं लिहिलंय, आणि त्या ‘आपत्ती’च्या दारातून किती कामं आत शिरली हे आपल्यालाच ठाऊक. त्यामुळे कुणाचे किती डोस झाले याच्या याद्या करा, ऑनलाइन भरा, रोज संध्याकाळी अहवाल पाठवा, असं कुणी सांगितलं तर माझाही विरोध आहे. ते काम आरोग्य विभागाचं. पण याद्या करणं वेगळं आणि समजावून सांगणं वेगळं. दुसरं आपण रोज करतोच, त्यासाठी कुणाच्या आदेशाची वाट कशाला बघायची?

आणखी एक कारण होतं. आमच्या पहिली ते चौथीच्या मुलांसाठी लसीकरण तेव्हा सुरूच झालेलं नव्हतं. बारा वर्षांपुढच्यांना मिळत होती, त्याखालच्यांना नाही. ही मुलं जूनपासून रोज एका बाकावर तिघं बसत होती आणि संध्याकाळी आजी-आजोबांच्या कुशीत जाऊन झोपत होती. त्यांच्या घरातली मोठी माणसं सुरक्षित असणं हा माझ्या वर्गाचाही प्रश्न होता.

मी वर्गात काय केलं ते सांगते. गणितात दिनदर्शिका हा घटक आहेच. त्या तासाला ‘एखाद्या तारखेनंतर सहा महिन्यांनी कोणती तारीख येईल’ अशी उदाहरणं दिली. २० जानेवारी असेल तर २० जुलै, इतकं सोपं. नंतर प्रत्येक मुलासोबत घरी एक चिठ्ठी दिली. त्यात तेव्हा, २०२२ मध्ये, फक्त एवढं होतं :

‘तुमच्या दुसऱ्या डोसची तारीख प्रमाणपत्रावर बघा. तिच्यापुढे सहा महिने मोजा. ती तारीख उलटून गेली असेल तर तुम्ही तिसरा डोस घेऊ शकता. एप्रिलमध्ये पैसे लागत होते, आता ३० सप्टेंबरपर्यंत सरकारी केंद्रावर पैसे लागत नाहीत. नव्याने नोंदणी नको. आधार कार्ड आणि आधी दिलेला मोबाइल नंबर सांगा. गेल्या तीन महिन्यांत कोरोना होऊन गेला असेल तर बरे झाल्यापासून तीन महिने थांबा. १८ वर्षांखालील मुलांना तिसरा डोस नाही.’

खाली जवळच्या नागरी आरोग्य केंद्राचं नाव आणि वार-वेळ हाताने लिहिली. वेळ मात्र आदल्या दिवशी आशाताईंना विचारूनच लिहायची. कामाचा खाडा करून आलेल्या बाईला केंद्र बंद दिसलं तर ती पुन्हा येत नाही. कल्याणात रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीत शास्त्रीनगर ही पालिकेची रुग्णालयं लोकांना माहीत आहेत, पण मोहोन्याच्या किंवा सत्तावीस गावांतल्या माणसाला तिथवर रिक्षाने जायचं म्हणजे पुन्हा पैसेच. जवळचं ठिकाण सांगायचं.

एक पथ्य कटाक्षाने पाळलं. ‘तुझ्या घरी कुणी घेतला, हात वर करा’ असं वर्गात विचारायचं नाही. घरातल्या आजाराची किंवा लसीची माहिती मुलाच्या तोंडून चारचौघांत काढणं बरोबर नाही, आणि ज्या घरी घेतलेला नसेल त्या मुलाला उगाच ओशाळं वाटतं. दाखला अडवू, पोषण आहाराशी जोडू, असली भाषा तर चुकूनही नको. चिठ्ठी पोहोचली याची पालकांची सही घेतली, पुढचं त्यांच्यावर सोडलं. आमच्याकडे चिठ्ठी दिल्यानंतरच्या सोमवारी शाळा सुटताना गेटवर पाच-सहा आया थांबल्या होत्या, एकीने प्रमाणपत्राचा चुरगळलेला कागदच आणला होता. “बाई, यातली दुसरी तारीख कुठली ते दाखवा.” प्रमाणपत्रावर इंग्रजी आहे, तारखा दोन आहेत, आणि जन्मसाल वेगळं. मुलाने घरी ते जन्मसालच वाचून दाखवलं होतं.

कोविशील्ड घेतलेल्यांना पुढे काय, हा प्रश्नही गेटवर निघाला. तोपर्यंत आधी घेतलेलीच लस तिसऱ्यांदा द्यायचे. ऑगस्ट २०२२ मध्ये कोर्बेव्हॅक्सलाही परवानगी मिळाली. केंद्रावर कुठली उपलब्ध आहे ते तिथेच कळायचं.

गणेशोत्सव मंडळांशी ज्यांची ओळख होती अशा पालकांना एक विनंती केली. आरतीनंतर प्रसाद वाटेपर्यंत माणसं जागची हलत नाहीत. तेवढ्यात माइकवरून वरची चिठ्ठी वाचून दाखवावी, दीड मिनिट लागतं. भाषण नको.

आमच्या शाळेत हिंदी आणि गुजराती बोलणारी बरीच घरं आहेत, त्यांच्यासाठी चिठ्ठीचा मजकूर पालकांपैकीच दोघांनी करून दिला. तेलुगू बोलणारी तीन घरं मात्र राहिली होती. बांधकामावर असायची, मराठी बोललेलं थोडंफार कळायचं, वाचता येत नव्हतं. कुणा शिक्षकाकडे तेलुगू मजकूर तयार असला तर तो गणपतीची सुट्टी लागायच्या आत त्या मुलांच्या दप्तरात टाकायचा होता.